बंदुकीच्या घोड्याची खाच

लेखणी हाती घेण्याचा माझा अधिकार नाही. मुलांच्या वह्या तपासण्यापलीकडे मी आजवर काही लिहिलेले नाही. या धिटाईबद्दल क्षमा असावी. पण ही गोष्ट मी पत्नीलाही सांगितलेली नाही — आणि आता न सांगता राहवत नाही.

अंबाजोगाईच्या शाळेत मी फारसी शिकवीत असे. चाळिशी उलटल्यावर मला हाताने काही घडवावेसे वाटू लागले — का, ते ठाऊक नाही. शाळा सुटली की मी करीमउस्तादांच्या दुकानी जाऊन बसे. जुन्या रायफलींचे झिजलेले भाग ते नव्याने घडवीत. मी कानस चालवू लागलो की हसत: “मास्तर, लई गोंजारू नका. लोखंड हाय, लेकरू न्हाई!” ते हसणे — अजूनही दुपारी कोठून कानशीचा आवाज आला, की मी रस्त्यात थबकतो.

एकदा दिंद्रुडकडच्या एका देशमुखांची रायफल आली. बंदुकीचा घोडा अर्ध्यावर चढवला की तो आतल्या एका खाचेत अडकून राहतो. ती झिजली, तर चाप न ओढताही बार उडतो. त्या खाचेचा नवा तुकडा मी घडवला — दहा दिवस खपून. माझ्या हातची पहिली वस्तू! आता तो जळक्या कातड्यात गुंडाळून, मातीने लिंपून भट्टीत भाजायचा आणि लाल असतानाच पाण्यात सोडायचा. त्याखेरीज मऊ लोखंड टणक होत नाही. पण पाण्यात पडताच तडा गेला तर? इतका सुबक तुकडा पुन्हा माझ्याने साधला असता का?

मी तो भाजलाच नाही.

उस्तादांची नजर अधू झाली होती. टणक लोखंडावरून कानस घसरते, हीच त्यांची परीक्षा. त्यांनी विचारले, “घसरली का कानस?” मी म्हणालो — घसरली.

पुढल्या महिन्यात शेतातल्या माळ्यावरून उतरताना बार उडाला, आणि देशमुखांच्या धाकट्या भावाचा तळहात गेला. देशमुख रायफल घेऊन दुकानी आले. उस्तादांनी तुकडा काढून त्यावर कानस ओढली — ती रुतली. लोखंडाचा कीस त्यांच्या बोटांवर आला. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिले. मग म्हणाले, “मालक, काम माझंच हाय. चूक झाली.”

आणि मी? दोन पावलांवर उभा होतो. तोंड उघडले नाही. नोकरी जाईल ही भीती होती का? तीही नव्हे. नुसतीच भीती.

त्यानंतर कोणी त्यांच्याकडे हत्यार देईना. एके सकाळी दुकान उघडले नाही. कोणी म्हणे कडा गावाकडे गेले, कोणी म्हणे हैदराबादेस. सुट्ट्यांत मी दोन्हीकडे जाऊन आलो. भेटले असते, तर बोललो असतो का — तेही मला सांगवत नाही.

उंच, किंचित वाकलेले, उजव्या अंगठ्याचे नख मधोमध फुटलेले असे एक वृद्ध कारागीर तुम्ही कोठे पाहिले आहेत काय?