एका वाक्याची संथा

हे मी देवापुढेही कधी मोठ्याने उच्चारलेले नाही. त्याला सर्व ठाऊक असते म्हणून नव्हे — उच्चारले असते, तर ते माझ्याच कानांना ऐकावे लागले असते, म्हणून. आज तुमच्याजवळ बोलते आहे. मध्येच थांबले, तर थांबू द्या.

अमरावतीला मुलींच्या एका वसतिगृहाची मी पुष्कळ वर्षे अधीक्षिका होते. बालपणीच वैधव्य आले, तेव्हा वडिलांनी मला संस्कृत शिकवले. माझ्यापाशी संपत्ती म्हणून होती ती तेवढीच — शुद्ध वाणी. आमच्याकडच्या मुली कोणी अनाथ, कोणी टाकलेल्या बाईच्या, कोणी मजुरांच्या. रोज दिवेलागणीला मी त्यांना स्तोत्रांची संथा देत असे. गुरूने एकदा म्हणावे, शिष्यांनी दोनदा, मनात ठसेपर्यंत. आधी उच्चार, अर्थ मागाहून. पिढ्यान्‌पिढ्यांची ही रीत. तिच्या सामर्थ्यावर माझी श्रद्धा होती — आणि त्या श्रद्धेचे मी पुढे काय केले, तेच तर सांगायचे आहे.

नागपूरला दीक्षा झाली, त्यानंतरच्या एका वर्षी शेवंता आमच्याकडे आली. गाव बार्शीटाकळीच्या बाजूचे. आई नव्हती, वडील अकोल्याला कापसाच्या जिनात सरकी उपसत. बौद्ध घरातली आमची ती पहिली मुलगी. पहिल्याच संध्याकाळी तिने माझ्यामागून चरण म्हटला, आणि मी डोळे उघडून पाहिले. विसर्ग जिथे हवा तिथे, अनुस्वार घंटेसारखा. ज्या घरात शतकानुशतके हे शब्द पोचूच दिले नव्हते, त्या घरातल्या कंठात ते असे सहज कसे उतरले? मला वाटले, वाणी कोणाची वाट पाहत असेल, तर ती याच लेकराची. मी तिला संथेला सर्वांच्या पुढे बसवले. वाणीला विटाळ नसतो, असे मी मुलींना अभिमानाने सांगत असे.

आणि ताटाला? ताटाला असतो, असे मी मानत होते. शेवंताची थाळी पडवीत, वेगळ्या खुंटीखाली. बाकीच्या आत, माझ्या डोळ्यांसमोर, एका ओळीत. तिचे वाढप वरून. कायद्याने हे मना होते — मला ते माहीत होते. मी त्याला शुचिता म्हणत असे. शब्द निवडण्यात मी कुशल होते ना!

मग अध्यापक महाविद्यालयातल्या एक तरुण प्राध्यापिका, कुमुदताई, संशोधनासाठी यायच्या होत्या. विषय असा — आधार नसलेल्या मुली शिकतात कशा, आणि शिकताना सुखी असतात का. मी तो विषय ऐकून थक्क झाले. आत्म्याच्या आनंदावर मी आयुष्यभर वाचले होते. पण एका पोरक्या पोरीचे सुख हा ज्ञानाचा विषय असू शकतो, ते जाणून घेण्यासाठी कोणी विदुषी उन्हातान्हातून येऊ शकते — हे मला सुचलेही नव्हते. खरेच, का सुचले नव्हते?

त्या यायच्या आदल्या संध्याकाळी मी मुलींना स्तोत्र दिले नाही. एक वाक्य दिले. ‘आम्ही सर्वजणी एका पंक्तीत जेवतो.’ मी एकदा, त्यांनी दोनदा. पुन्हा. वसतिगृहाला बोल लागेल, अशी भीती मी स्वतःला सांगितली. ते खरे नव्हते. शेवंताला आत बसवून मला पंक्त मोडायची नव्हती, एवढेच खरे. शेवंताचा आवाज त्यात होता. सर्वांत स्वच्छ होता.

कुमुदताई आल्या, आणि खुर्ची सोडून मुलींबरोबर तुरीची डाळ निवडायला बसल्या. काय ते ऐकणे! मी मोठमोठ्या शास्त्र्यांच्या सभा पाहिल्या, पण ऐकण्याची अशी उपासना पाहिली नव्हती. खडे वेचता वेचता त्या सहज विचारत, आणि मुली एकेक करून माझे वाक्य परत करीत. शेवंताची पाळी आली.

“मले तं पडवीत वाढतात जी,” ती म्हणाली. “बाईनं काल शिकवलं ते वाक्य मले येते. म्हणून दाखवू?”

दोघीतिघी फिसकन हसल्या. “अवं चूप बस नं!” एकीने तिला कोपर मारले.

“काहून चूप बसू? त्या इचारून राहिल्या नं!”

ती उद्धट नव्हती हो. तिला खरोखरच वाटले होते की, कालचा तो पाठ होता आणि आजचा हा प्रश्न आहे. पाठ म्हणायचा असतो आणि प्रश्नाला उत्तर द्यायचे असते. हा भेद इतका स्वच्छ! मी ते मूल पाहत राहिले. सत्य माझ्यासमोर मांडी घालून बसले होते आणि त्याच्या ओच्यात तुरीची डाळ होती. नमस्कार करावा, असे क्षणभर वाटले — हे मी खरे सांगते.

कुमुदताईंनी माझ्याकडे पाहिले. आणि मी म्हणाले, “ही मुलगी खोटे बोलते. हिची ती खोडच आहे.”

शांतपणे म्हणाले. एकही वर्ण घसरला नाही. कुमुदताईंनी पडवीत जाऊन पाहिले नाही. माझे वय, माझी कीर्ती — कोण पाहील? शेवंताने फक्त माझ्या तोंडाकडे पाहिले; संथेच्या वेळी ओठांची ठेवण पाहायची असते ना, तसे.

दुसऱ्या दिवशीपासून मुली तिला ‘खोटारडी’ म्हणू लागल्या. मी एकदाच म्हटले होते. दोनदा म्हणा, असे सांगावे लागले नाही. खेळातला दगड हरवला, शेवंता खोटारडी. पाटीवर लिहायची पेम मोडली, शेवंता खोटारडी. शाळेतही तेच पोचले. ते थांबवायला माझा एक शब्द पुरेसा होता. मी तो शब्द काढला नाही. शेवंता संथेला येत राहिली, पुढेच बसत राहिली. पण ओठ मिटून. माझ्यामागून तिने पुन्हा एकही अक्षर म्हटले नाही. शिक्षा केली असती, तर कोणत्या अपराधाबद्दल?

मुलींपैकी कोणाकडून तरी अकोल्यापर्यंत गोष्ट गेली. एका सकाळी तिचे वडील आले. अंगरख्याला कापसाचे तंतू तसेच चिकटलेले. पायरीखालीच उभे राहिले; वर या, असे मी म्हटले नाही. त्यांनी हात जोडले.

“लेकरू हाये बाईजी, चुकलं असन. खोटं बोलाची सवय नोयती तिले. माफी करा.”

शेवंता ट्रंक धरून मागे उभी होती. तिने त्यांची बाही ओढली. “आबा, चाला नं.”

ते जागचे हलले नाहीत. हात तसेच जोडलेले. त्यांना माझ्याकडून उत्तर हवे होते.

मी म्हणाले, “असू द्या. मी मनात काही ठेवलेले नाही.”

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी वाकून पायरीला हात लावला आणि तो कपाळाला नेला. मग मुलीला घेऊन ते स्टेशनच्या वाटेला लागले. ती पुढे कुठे शिकली, शिकली की नाही, हे मी कधीही विचारले नाही. पडवीतली खुंटी मी पुढच्या मुलीसाठी राखून ठेवली.

त्या दिवशी पूजेला थोडा उशीर झाला. पठण नेहमीसारखे झाले. कुठेही अडखळले नाही.