दादाचं कॅटलान स्वागत

मैत्री ही ईश्वरची सख्खी धाकटी बहीण, आणि तिची पीएचडी आपल्यामुळेच झाली असं दहावी पास ईश्वर अख्ख्या वेस्ट विंडसर गावाला सांगत फिरायचा. आता तिची होणारी सासू, नूरियाबाई, बार्सिलोनाहून यायची होती. घराण्याची छाप पडलीच पाहिजे, म्हणून ईश्वरनं 'आमच्या घरी स्वागत' हे वाक्य महिनाभर तिकडच्या कॅटलान भाषेत घोकलं.

"दादा, जोर नसलेला 'आ' तिकडे आपल्या 'अ'सारखा हळूच म्हणतात," मैत्रीनं समजावलं.

"हळूच? अगं, नागपुरात भीमजयंतीला माइक बंद पडला, तरी मी भाषण पुरं केलंय!"

नूरियाबाई दारात आल्या. ईश्वरनं छाती फुगवली आणि तो गरजला, "बेनविंगूदा आ कासा नोस्त्रा!" एकेक 'आ' असा ताणला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. बाई दोन पावलं मागं सरल्या.

"मैत्री, तुझा भाऊ चिडलाय का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

ईश्वरचं तोंड एवढंसं झालं. मान खाली घालून तो तेच वाक्य स्वतःशी पुटपुटला. तोंड उघडायचीच लाज वाटत होती, त्यामुळे शेवटचे सगळे 'आ' आपोआप 'अ' झाले.

"अय्या, हे तर अगदी माझ्या आईसारखं!" म्हणत बाई हसत हसत आत आल्या. महिनाभर घोकून जे जमलं नाही, ते फजितीनं एका मिनिटात शिकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वर चहा पीत होता. मागून अशी गर्जना झाली की निम्मा चहा शर्टावर सांडला.

"जाय भीम, दादा!"

नूरियाबाई छाती फुगवून उभ्या होत्या.