माह्यी झेंडी चढली तवा

आता कोन्या तोंडानं सांगू, पन च्या थंडा व्हायच्या आत सांगूनच टाकतो. वर्ध्याले जाऊन जितलेला डाव हारून येनारा आमच्या आंजी गावातला पहिला मानूस म्हंजे मी.

झालं असं का, म्या हेडमास्तरची सायकल शाळेमांगच्या लिंबावर टांगली. त्यायनं मले हाकलूनच देल्लं. "बापाले घेऊन येजो, मंगच वर्गात बसजो." आता माहा बाप तुमाले मालूम नाई. तो आला असता तं सायकलीच्या जागी मीच टांगलो असतो.

त्याच दिवसात रेडिओवर रोज एकच बातमी. रशियाचा गडी अन् अमेरिकेचा गडी बुद्धिबळाच्या पटावर भिडले. आमच्या गावात बुद्धिबळ म्हंजे सुतारकाकाच्या ओट्यावर म्हाताऱ्यायचा टाइमपास. तो एकदम देशाच्या इज्जतीचा सवाल झाला. जिल्ह्यात शाळायच्या स्पर्धा निंगाल्या. अन् आमच्या शाळेत खेळता येनारा कोन? ओट्यावर बसून शिकलेला मीच.

हेडमास्तर म्हनले, "जितून आला तं बापाले आनाची गरज नाई."

वर्ध्याले माह्यासमोर एक चष्मेवाला पोट्टा बसला. पंच नियम सांगून राह्यलते, अन् मी टेबलाखालून त्याची चप्पल पायानं दूर सरकवून राह्यलतो.

पहिल्याच चालीत त्याचं प्यादं दोन घरं पुढं.

"काऊन बे, चोरी करतं? प्यादं एकच घर चालते."

"पहिल्यांदा दोन चालते."

"आमच्या ओट्यावर नाई चालत."

पंच म्हनले, "ओट्यावरचा देशी डाव इसर बाप्पा. आता साऱ्या दुनियेत हाच चालते. मघा काय सांगून राह्यलतो मी?"

म्या मुंडी हालवली. सारं ऐकलं असल्यावानी.

बाजूले दोन तोंडाचं एक घड्याळ होतं. त्या पोट्ट्यानं चाल केली अन् बटन दाबलं. दाबल्याबरोबर त्याचं घड्याळ बंद, माह्यं चालू. मले वाटलं, मानूस दिलदार हाय. म्या बटनाले हातच लावला नाई. आपलं चालतं घड्याळ कोन बंद करते, सांगा बरं.

मंग पाह्यलं तं काट्यासंग माह्या बाजूची एक लाल झेंडी वर चढून राह्यली. त्याची खालीच लोंबकळलेली. म्या समजलो, हे गुन मोजाचं यंत्र हाय. लाल हाय म्हंजे रशियातूनच आलं असन.

पटावरही माह्यंच राज. दोन्ही हत्ती त्याच्या राजाच्या उरावर. पुढच्या चालीत मात. अन् हा पोट्टा हात बांधून बसला.

"चाल ना बे."

"विचार करून राह्यलो."

"कर. आमची झेंडी पाहून घे तवरिक."

"तेच पाहून राह्यलो."

टक. झेंडी खाली पडली. मी हात वर करून उभा राह्यलो. पंच आले, अन् नाव लेहलं त्या पोट्ट्याचं.

"साहेब, झेंडी तं माह्यी चढलती."

"चढली अन् पडली. तुहा टाइम संपला. चाल केल्यावर बटन दाबाचं राह्यते, नाई तं त्याच्या पाळीतही तुहाच टाइम जाते. हे घड्याळ कोनं किती टाइम घालवला, तेवढंच मोजते."

"तेवढंच? मंग तं साहेब, साऱ्या जिल्ह्यात पहिला नंबर माहाच."

पंच हासले. तो पोट्टाही हासला. माह्या मांगं मले घेऊन आलेले हेडमास्तर उभे होते, ते काई हासले नाई.

"बरोबर बोलला," ते म्हनले. "उद्या हेच तुह्या बापापुढं बोलजो."