पितळी पट्टीवरचा नंबर

आमच्या घरी जुनी अमेरिकन गाडी आहे असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघत आणि मग माझ्या चपलांकडे. त्यांची शंका रास्तच होती. सुलतान बाजारात कापड मोजणाऱ्या माझ्या वडिलांकडे अशी गाडी असायचं काही कारण नव्हतं. पण मलकपेठच्या रेसकोर्सवर घोडे पळवणारं वडिलांचं एक बडं गिऱ्हाईक हैदराबाद सोडून निघालं, आणि जाताना त्याने गाडी वडिलांच्या गळ्यात मारली. वडील ती चिक्कडपल्लीला घेऊन आले तेव्हा अख्खी गल्ली बघायला आली होती म्हणे.

गाडी लांबलचक, फिकट हिरवी, पुढे क्रोमची जाड जाळी. पुढे पेट्रोल पुरवता पुरवता जीव मेटाकुटीला आला, तेव्हा त्या काळी सगळे करत तेच वडिलांनीही केलं. मूळ इंजिन काढून डिझेलचं बसवलं. बाकी मात्र त्यांनी एका स्क्रूलाही कुणाचा हात लागू दिला नाही. रंगाच्या बाबतीत तर ते सोवळंच पाळत.

खंडेनवमीला दुकानातला गज, कात्री आणि गाडी यांची पूजा व्हायची. इतरांच्या घरी बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं उठत, आमच्याकडे सक्त मनाई. कुंकू रंगाला धरतं, डाग जात नाही, हे वडिलांचं म्हणणं. आईला काही ते पटेना. कुंकू न लावता वाहनाची पूजा कसली? दोघांचं बरंच वाजलं असणार, कारण शेवटी तोड निघाली ती आईच्या पद्धतीची. पुढचं डावं दार उघडलं की आतल्या खांबाला रिव्हेट मारून बसवलेली बोटभर पितळी पट्टी होती. तिच्यावर कंपनीचं नाव आणि काही आकडे. तिथे रंग नव्हता, त्यामुळे वडिलांना बोलायला जागा नव्हती. आणि पितळ म्हटलं की आईचं राज्य. चिंच आणि राख घेऊन ती पट्टी देवाच्या तांब्यासारखी लख्ख घासायची, मग हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. वडील गेले, गाडी शेडमध्ये उभी राहिली, टायर जमिनीला टेकले, तरी पट्टी चमकत होती. खंडेनवमीच नव्हे, पाडवा, वडिलांची तिथी, काहीही निमित्त तिला पुरायचं.

मग घर बिल्डरला द्यायचं ठरलं आणि शेड रिकामी करायची वेळ आली. घराबद्दल आई चकार शब्द बोलली नाही. गाडीबद्दल बोलली.

"मोडीत नक्को घालू पोरी. कुणी चालवणार असंल त्याला दे. फुकट दे, पण रस्त्यावर दिसली पाहिजे."

यात कसलाही मोठेपणाचा आव नव्हता. दुपारी ती गाडीत जाऊन मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसायची, मांडीवर परात घेऊन शेंगा सोलायची. पुढे कधी बसली नाही. पुढे सासूबाई बसत, असं सांगायची. सासूबाई जाऊन जमाना झाला होता, गाडी इंचभर हलत नव्हती, तरी हिची जागा मागेच. मी चिडवायची, "आई, आता बढती घे की." ती शेंगा सोलत राहायची.

जुन्या गाड्यांची पारख करणारे एक गृहस्थ मला ओळखीतून मिळाले. साधारण माझ्याच वयाचे, बोलणं अस्सल दखनी. आले तेव्हा हातात बॅटरी आणि रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. चुंबक ते दारांवरून, मडगार्डवरून हळूहळू फिरवत गेले. कुठे पत्र्याचा खड्डा बुजवायला लांबीचा लगदा भरलेला असला तर ते तिथे चिकटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या गाडीवर ते सगळीकडे चिकटलं. काचांच्या कोपऱ्यातले छाप बघितले, सीटच्या कापडाची शिवण बघितली, छताच्या अस्तराला तर त्यांनी हातसुद्धा लावला नाही, नुसते बघत राहिले.

"अम्मा, इसकू तो किसीने छेड़ाइच नै," ते आईला म्हणाले. "रंग बी कंपनी का है. ऐसी गाड़ी अब कहाँ मिलती?"

नंतर त्यांनी मला समजावलं. रंगवून चकाचक केलेल्या गाड्या पुष्कळ असतात. न छेडलेली गाडी छेडेपर्यंतच न छेडलेली राहते, आणि म्हणून शौकीन लोक अशीच गाडी शोधत येतात, आहे तशी नेतात, चालती करतात. मला एकदम हायसं वाटलं. आईची इच्छा अशी सहज पुरी होतेय, या कल्पनेने मी चहा टाकायलाही उठले.

तेवढ्यात ते म्हणाले, दोन लागोपाठच्या सालांची मॉडेलं दिसायला सारखीच आहेत, त्यातलं एक दुर्मीळ. आपलं कोणतं ते नंबरावरून कळेल, नंबरप्लेटच्या नव्हे, कंपनीने ठोकलेल्या. आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची तरी तोच नंबर लागणार.

"पट्टी ना? आओ, मैं दिखाती," आई म्हणाली. गुडघ्यावर हात ठेवून उठली, दार स्वतः उघडलं आणि बाजूला उभी राहिली. चेहऱ्यावर अशी ऐट की जणू मुलीला बघायला पाहुणे आलेत.

पट्टी झळाळत होती. ते वाकले. बॅटरी तिरकी धरली, मग खालून धरली. कागद ठेवून वर पेन्सिल फिरवली. मोबाइलवर फोटो काढून तो मोठा करून बघितला. मीही वाकले. इतक्या वर्षांत मी त्या पट्टीवरचं कुंकू पाहिलं होतं, फूल पाहिलं होतं, पट्टी कधी वाचली नव्हती. कडेला एका आकड्याची अर्धी वेलांटी उरली होती. बाकी सपाट पितळ.

"बहोत चमकाए अम्मा आप," ते एवढंच म्हणाले.

"हर साल. इमली लगाके," आई म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. माणूस भला होता. मूळ इंजिनावर नंबर असतो, ते तर भंगारात जाऊन किती काळ लोटला. चॅसिसवरही एके ठिकाणी ठोकलेला असतो म्हणून ते पोत्यावर आडवे होऊन गाडीखाली शिरले. पण गाडी कच्च्या जमिनीवर उभी, खालून लोखंडाचे पापुद्रे सुटलेले. बोट लावलं की पत्रा हातात येत होता. गाडीचं नोंदणीचं पुस्तक वाळवीने केव्हाच फस्त केलं होतं.

फाटकाशी ते हळू आवाजात म्हणाले, "नंबर के बगैर ये गाड़ी नै है बहन, पुर्ज़े हैं. जाली अच्छी है, काचां अच्छे हैं. अलग-अलग करके जाएँगे."

मला इतका राग आला की मी त्यांना नीट निरोपही दिला नाही. कोणाचा राग, तेही कळेना. कुंकू नको म्हणणाऱ्या वडिलांचा? त्यांनी रंग वाचवला, तो आज कंपनीचा म्हणून मिरवला. आईचा? तिने जीव लावला, तो नेमका तिथेच लावला. दोघांपैकी एकाने जरी थोडा आळस केला असता तर गाडी रस्त्यावर गेली असती.

मग मी जंग जंग पछाडलं. आरटीओच्या कचेरीत हेलपाटे घातले, तिथल्या बाईंनी जुनं दप्तर शोधायचं आश्वासन दिलं आणि शेवटी नाही म्हणून सांगितलं. गाडीवेड्या लोकांच्या ग्रुपवर फोटो टाकले. खाली वाहवांचा पाऊस पडला. मागोमाग प्रत्येकाचा एकच प्रश्न, नंबर काय? पट्टीचा फोटो टाकला की मंडळी गप्प होत. बिल्डरचे फोन सुरूच होते. आई रोज विचारायची, "कुणी येणार हाय का बघायला?" मी म्हणायची, येतील.

आले ते सुटे भाग घेणारे, शेवटी मीच बोलावलेले. आई जेवून घटकाभर पडते तेव्हा या, असं मी त्यांना सांगितलं होतं, पण कामगार हवे तेव्हा येतात. मी शेडकडे धावले तेव्हा जाळी निघाली होती, दारं भिंतीला टेकवून ठेवली होती आणि गॅस कटरचा फरफराट चालू होता. आई घराच्या मागच्या दाराच्या पायरीवर उभी होती. सीट बाहेर काढून अंगणात ठेवली, तेव्हा ती जरा पुढे झाली आणि परत मागे आली. गाड्यावर सगळं चढवून ते निघून गेल्यावरही ती तिथेच होती.

"चालवणार होते ना गं कुणी?" तिने विचारलं. "मग कापली कशाला?"

"नंबर वाचता येत नव्हता आई. नंबराशिवाय कुणाच्या नावावर होत नाही."

"नंबर कुठे गेला?"

मी सगळ्या जगाशी भांडू शकते. तिच्यापुढे मात्र जे पहिलं तोंडात आलं ते बोलून गेले.

"गंजाने खाल्ला."

तिने माझ्याकडे पाहिलं, आधी नवलाने आणि मग चांगलंच दुखावून.

"पट्टीला?" ती म्हणाली. "त्या पट्टीला मी गंज कधी लागूच दिला नाही."