आत्याबाईची अक्षत

लाज हा शब्द आमच्या जानेफळच्या घरात निघाला की पाठोपाठ आत्याबाईचं नाव निघायचं. वडिलांची ही थोरली बहीण सासरहून कायमची परत आलेली. ज्वारी हुरड्यावर आली की तिला वावरातल्या माळ्यावर, उंच मचाणावर, राखणीला बसवत. राखण करणाऱ्यानं डबा बडवावा, गोफणीनं खडे मारावेत, ओरडून पाखरं उडवावीत. आत्याबाई गोफणीत खडाच घालत नसे. रिकामी गोफण डोक्याभोवती फिरवायची आणि तिच्या घूं घूं आवाजात आपला आवाज मिसळायची. शब्द नाहीत, देवाचं नाव नाही, नुसता लांब सूर. शेजारच्या बाभळीला तिनं फुटक्या मडक्यांची खापरं सुतळीनं टांगली होती. वाऱ्यानं ती किणकिणत. वारा पडला की आत्याबाईही गप्प. "त्याची पाळी झाल्याबिगर माही येत नाही," म्हणायची.

शेजारचे लोक बांधावरून विचारत, "काऊन वो बाई, पाखरं हाकलून राह्यली का बलावून?"

"येऊ देते, मंग जाऊ देते," ती शांतपणे सांगायची. राघू मजेत आमची कणसं टिपत असत आणि मी मान खाली घालून तिथून सटकत असे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. त्या हंगामात मेहकरचे पाहुणे मला पाहून गेले होते. आधी दोन ठिकाणांहून नकार आलेला, त्यामुळे घरात सगळ्यांचे कान त्यांच्या निरोपाकडे. मी माझ्या स्वभावाप्रमाणे आणायच्या-करायच्या सामानाची यादीसुद्धा करून ठेवली होती. अशात आत्याबाईच्या मनात आलं, कापणीच्या आधी एकदा सगळ्यांना आपलं गाणं ऐकवावं. बोलावण्याची रीत तिला एकच ठाऊक. तिनं तांदळाला कुंकू लावलं आणि घरोघरी अक्षत देऊन आली. "शनिवारी सांजेले वावरात या. गाणं हाय." बाजाराच्या दिवशी मेहकरला जाऊन पाहुण्यांच्या उंबऱ्यावरही अक्षत ठेवून आली. आम्हाला पत्ता नाही.

गाणं हा शब्द कुणी ऐकलाच नाही. सगळ्यांनी अक्षत तेवढी पाहिली, आणि अक्षत म्हणजे लग्नकार्याचं जेवण. शनिवारी अख्खा गाव धुतलेले कपडे घालून, हातात पाण्याचे तांबे घेऊन पंगतीला आला. मेहकरचे पाहुणे बैलगाडीतून उतरले. वडिलांचा चेहरा मला पाहवेना.

आत्याबाई माळ्यावर चढली. हात जोडले, गोफण हाती घेतली आणि थांबली. वारा पडलेला होता. ज्वारीचं पानही हलेना. लोक बसले, खाकरले, एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी एक म्हातारबा म्हणाले, "बाई, पंगत कुठं हाय?"

"पंगत नाही, बाबाजी. वारा येऊन राह्यला. जरा दम धरा."

जो हशा पिकला! "वाऱ्याले अक्षत द्यायची राह्यली वाट्टे!" कोणीतरी ओरडलं. पाहुण्यांनी वडिलांकडे पाहिलं. वडील जमिनीकडे पाहत होते. मी उठले, चार बायांना खुणावलं आणि घर गाठलं. चुली मांडल्या, कुणाला पिठाला, कुणाला कांद्याला लावलं. अंधार पडता पडता पिठलं-भाकरी वावरात नेऊन पंगत बसवली. मेहकरचे मामंजी हात धुताना वडिलांना म्हणाले, "पोरगी कामाची हाय. सुपारी फोडून टाकू." तिथेच ठरलं.

आत्याबाई जेवायला आली नव्हती. ताट घेऊन गेले, तर माळ्याखाली पदर डोक्यावर ओढून बसलेली. तसं तिला मी कधी पाहिलं नव्हतं.

"वारा आला होता," ती म्हणाली. "मस्त आला. होती का तू?"

"नाही आत्याबाई. मी पीठ मळत होते."

"मी गायली बी. पन लोकं रस्त्याकडं पाहत होते, भाकरी आल्या का म्हनून." मग ताट बाजूला सारून हळूच म्हणाली, "मले लाज वाटली वो माय."

सासरी त्या पिठल्याची गोष्ट अजून कौतुकानं निघते. मी विषय बदलते. घर, माणसं, मान, सगळं मला त्या संध्याकाळी मिळालं आणि ते तिच्या फजितीतून मिळालं, हे सासरच्या माणसांसमोर कसं सांगायचं?

पुढच्या वर्षी दिवाळीला माहेरी गेले, तेव्हा वडील हौसेनं मला वावरात घेऊन गेले. ज्वारी दाट होती, एक पाखरू नव्हतं. माळ्यावर आत्याबाई डबा घेऊन उभी होती आणि गोफणीच्या खड्यांचा ढीग पायाशी होता.

"पाह्य, कशी सुधरली," वडील म्हणाले.

बाभळीवर खापरं नव्हती, नुसत्या सुतळ्या लोंबत होत्या. आम्ही उभे असताना वारा सुटला. ज्वारी वाकली, सुतळ्या हलल्या. आत्याबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि जोरजोरात डबा बडवायला लागली.