व्हिजिटचे हातमोजे

चाकणच्या आमच्या कंपनीत इंग्लिशचा क्लास सुरू झाला आणि माझ्याकडे किस्से साठायला लागले. ऐकणारे हसतात. सांगताना माझं मात्र डोकं तापलेलं असतं, हे आधीच सांगून ठेवते.

परदेशी गिऱ्हाईक कंपनी बघायला येणार होतं. साहेबांनी ठरवलं, ऑपरेटरनी त्यांच्याशी इंग्लिशमध्ये बोलायचं. क्लास कधी? तर चहाच्या सुट्टीत. पहिल्याच दिवशी क्लासचे सर म्हणाले, "अवघड काही नाही. डोळ्यासमोर जे चाललंय तेच सांगायचं. आय ॲम ईटिंग, ही इज रीडिंग." मग त्यांनी तुकारामकाकांना उठवलं. काका इथल्याच जुन्या गावातले, रिटायरमेंटला आलेले.

"अंकल, व्हॉट आर यू डुइंग?"

काका म्हणाले, "चहा सोडून बसलोय. दिसत न्हाई व्हय?"

*

त्याच आठवड्यात शॉप फ्लोअरवर पाटी लागली, इथे फक्त इंग्लिश बोला. दुपारी प्रेस मशीन अडकलं. साहेब धावत आले आणि मशीनच्या आईबहिणीचा हिंदीतून उद्धार करायला लागले. काकांनी शांतपणे पाटी काढली आणि उलटी करून भिंतीला टेकवून ठेवली. मेमो कुणाला मिळाला? काकांना.

*

वैशाली माझ्या लाइनवर पत्र्याचे पार्ट तपासते. कॉन्ट्रॅक्टवर आहे. दर काही महिन्यांनी तिला ‘ब्रेक’ देतात, म्हणजे घरी बसवतात आणि पुन्हा नवीन म्हणून कामावर घेतात. एचआरच्या मॅडम तिला म्हणाल्या, पाहुण्यांपुढे न अडखळता बोललीस तर परमनंट करू.

एवढी वर्षं तिच्या हातून एक खराब पार्ट पुढे गेला नाही, त्याला काही किंमत नाही! पण ती बिचारी जिद्दीनं शिकायला लागली. दापोडीला घरी सासूसमोर उभं राहून म्हणाली, "आई इज मेकिंग भाकरी."

सासूनं अर्थ विचारून घेतला. "बरं, आणि सून काय करतीय? ते पण सांग की इंग्लिशमधून."

*

पत्र्याची कड हाताला कापते. हातमोजे मागितले की सुपरवायझर जाधवचं उत्तर ठरलेलं, "स्टॉक नाही." एकदा वैशालीचं बोट चांगलंच कापलं. पट्टी मागायला गेली तर हा शहाणा म्हणतो, "इंग्लिशमध्ये सांग, प्रॅक्टिस होईल."

रक्त टपकतंय आणि ही शब्द शोधतेय. शेवटी म्हणाली, "ब्लड इज कमिंग, सर."

"व्हेरी गुड," म्हणाला आणि मग कपाट उघडलं. त्या दिवशी मी जाधवला मराठीत जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

*

आमच्याकडे व्हिजिटची एक पद्धत आहे. सकाळी सगळ्यांना नवे कोरे हातमोजे मिळतात. पाहुणे एक लाइन बघून पुढे सरकले की जाधव खोका घेऊन येतो आणि मागच्या लाइनचे मोजे काढून घेतो. पुढच्या व्हिजिटला तेच पुन्हा.

तर पाहुणे आले आणि वैशालीपाशी थांबले. मागे साहेब, मॅडम, सगळी वरात.

"व्हॉट आर यू डुइंग?"

"आय ॲम चेकिंग द पार्ट, सर."

मॅडमनी मान डोलावली. मी मनात म्हटलं, झाली बाई परमनंट.

पाहुणा खूश झाला, त्याला अजून बोलायचं होतं. नुकत्याच बघून झालेल्या लाइनवर जाधव खोका धरून उभा होता आणि बायका एकेक करून हातमोजे काढून त्यात टाकत होत्या. पाहुण्यानं तिकडे बोट केलं.

"अँड व्हॉट इज ही डुइंग?"

वैशालीनं जाधवकडे पाहिलं. मॅडम डोळे वटारून तिच्याकडे बघत होत्या. तिनं त्यांच्याकडेही पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या मोज्यांकडे.

"ही इज टेकिंग बॅक द ग्लोव्ह्ज, सर," ती म्हणाली. अजिबात न अडखळता.