किती वाजले आणि किती वेळ गेला

माझ्या कोडमुळे एक माणूस मरणार होता.

तो सुहासदादांचा सख्खा भाऊ होता.

आज दादांना जाऊन वर्ष झालं. ही गोष्ट मी बाहेर कुणाला सांगितली नव्हती. आज सांगते.

पेणला आमचं ऑफिस म्हणजे गणपतीच्या कारखान्यावरची एक खोली. खाली मूर्तींना रंग चाललेला, वर आम्ही तिघं. दादा सीनियर. रोह्याच्या पलीकडे अष्टमीला राहायचे, रोज गाडीने यायचे. डब्यात बहुतेक वेळा वालाचं बिरडं, आणि त्यातलं अर्धं माझं.

आम्ही एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येईल असं तयार कोड, लिहिली होती, वेळ सांभाळणारी. तेच कोड विंडोजवर, लिनक्सवर, मोबाईलवर आणि कंपनीत बसवायच्या तळहाताएवढ्या बोर्डावर चालायला हवं.

तारखांचा भाग दादांनी लिहिला. किती वेळ गेला ते मोजायचा भाग माझ्याकडे.

मी सोपं केलं. सुरू करताना घड्याळ बघायचं, नंतर परत बघायचं, वजाबाकी करायची. माझ्या लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट पास.

दादांनी विचारलंही होतं, "आणि मधेच घड्याळ बदललं तर?"

"कोण बदलणार, दादा?"

त्यांची गाडीची वेळ झाली होती. विषय तिथेच राहिला.

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ते बोर्ड बसलं. दादांचे मोठे भाऊ, अण्णा, तिथे ऑपरेटर. माल तयार झाला की रिअ‍ॅक्टर, म्हणजे तो शिजतो ते बंद भांडं, दोन तास थंड करायचा. दोन तास झाले की स्क्रीन हिरवी होते. मग झाकण उघडायचं.

एका दुपारी रोह्याची लाईट गेली, आणि आली. जरा वेळाने पेणला माझ्या स्क्रीनवर ओळ उमटली.

कूलिंग सुरू: १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच.
स्थिती: पूर्ण.

मी हसले. "दादा, हे बघा, आपलं बोर्ड माझ्या जन्माच्या आधी गेलं."

दादा उठून आले. वाचलं. हसले नाहीत.

"तू वेळ घड्याळातूनच घेतेस ना अजून?"

"हो."

मग मलाही कळलं.

बोर्डातल्या घड्याळाला बॅटरी नव्हती. लाईट गेली की ते १९७० वर, कॉम्प्युटर जिथून वेळ मोजतात त्या शून्यावर, जायचं. अण्णांनी कूलिंग सुरू केलं ते त्या घड्याळावर. तीन-चार मिनिटांनी नेट आलं, घड्याळाने आजची तारीख घेतली. माझ्या वजाबाकीने पन्नासहून जास्त वर्षं काढली.

दोन तासांपेक्षा जास्तच.

स्क्रीन हिरवी. आत माल अजून कढत, झाकण उघडताच अंगावर उसळणारा.

कंपनीत मोबाईल गेटवर ठेवावे लागतात. दादांनी गेटला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"इंटरकॉम कोण उचलत नाय, साहेब," वॉचमन म्हणाला.

"मग पळत जा. अण्णा असतील तिथे. सांगा, सुहासने सांगितलंय, झाकणाला हात लावू नको."

आवाज अगदी सरळ, चहा सांगावा तसा. पण दुसऱ्या हाताने टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली.

वॉचमन रिसीव्हर तसाच टाकून गेला. आम्हाला त्याच्या केबिनमधला पंखा ऐकू येत होता. एक ट्रक आत आला, हॉर्न देत राहिला. कुणी गेट उघडेना.

"इथून बंद नाही का करता येणार?" मी विचारलं.

"नाही. इथून फक्त दिसतं."

 मी मनात अण्णांच्या मुलींची नावं घेत होते, का ते माहीत नाही.

मग रिसीव्हर उचलल्याचा आवाज.

"काय रे? काय झालं?" अण्णा.

 दादांनी फोन माझ्याकडे सरकवला.

"अण्णा, झाकण?"

"दोन बोल्ट सोडले व्हते गो. तिसऱ्याला पाना लावला, तवर ह्यो आला वरडत."

मी खाली बसले. जमिनीवर.

संध्याकाळी दादा मला रोह्याला घेऊन गेले. अण्णांच्या पुढे उभं राहून मी सांगितलं, चूक माझी होती. दादा लगेच म्हणाले, "आणि मी ती बघितली होती."

 अण्णा म्हणाले, "स्क्रीन हिरवी झाली की आमी हात घालतो. आतमंदी काय हाय ते आमाला दिसत नाय."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढचे कितीतरी दिवस आम्ही दोघं तेच लिहीत होतो. 'किती वाजले' वेगळं, 'किती वेळ गेला' वेगळं, एकात दुसरं मिसळताच येणार नाही असं. वेळ मोजायला घड्याळ नाही, मशीन चालू झाल्यापासून पुढेच जाणारा काउंटर. लाईट गेली तर मोजणी शून्यापासून. प्रत्येक बोर्डाची वायर दादा स्वतः उपटून बघायचे.

मी नोकरी सोडते म्हणाले तर दादा म्हणाले, "घाबरलीयस ना? मग तूच हवीस मला इथे."

मग त्यांचं आजारपण.

शेवटच्या आठवड्यात मी हॉस्पिटलमध्ये बसले होते. दादांच्या हाताला औषधाचा पंप लावलेला, त्यावर उरलेली मिनिटं. लाईट क्षणभर गेली, जनरेटर लागला.

दादांनी माझं मनगट धरलं.

"किती दाखवतंय?"

"चाळीस, दादा."

"मघाशी?"

"बेचाळीस."

मनगट सोडलं नाही. "मला भीती वाटते गं," म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी मोबाईलवर तेवढ्याच मिनिटांचा टायमर लावला आणि दर पाच मिनिटांनी पंपाचा आणि मोबाईलचा, दोन्ही आकडे मोठ्याने वाचत राहिले. पस्तीस, पस्तीस. तीस, तीस. वीसच्या पुढे त्यांना झोप लागली.

तरी मी शेवटपर्यंत आकडे वाचले.

दादा, लायब्ररी माझ्याकडे आहे. सांभाळतेय, घाबरत घाबरतच.

तुम्ही आता निवांत झोपा.